डोक्यानं खेळायचा फुटबॉल : नवशिक्यांसाठी, विटा आवृत्ती

शीर्षक वाचून कपाळ चोळू नका. उडालेला चेंडू कपाळावर कसा घ्यायचा हे या पुस्तिकेत नाही. ती विद्या शिकवणारे पुष्कळ आहेत आणि तिला लागणारं कपाळ प्रत्येकाला जन्मतः मिळालेलं असतं. इथं सांगायचं आहे ते कपाळामागच्या खोलीबद्दल. बऱ्याच खेळाडूंनी ती खोली भाड्यानं दिलेली असते, आणि भाडेकरू म्हणजे मैदानाच्या कडेला उभे असलेले प्रेक्षक.

पुस्तिका कुणासाठी, ते आधी सांगतो. विट्यात किंवा खानापूर तालुक्यात राहणारा कुणीही, वय बारा ते बावन्न, मुलगा किंवा मुलगी. ‘चल, एक माणूस कमी पडतोय’ म्हणून मित्रानं भल्या सकाळी तुम्हाला मैदानावर नेलं. क्रिकेटवाल्यांनी अजून स्टंप ठोकले नव्हते, म्हणून अर्धं मैदान मिळालं. दहा मिनिटं चेंडू तुमच्याकडं फिरकला नाही आणि मग अचानक थेट पायाशी आला. त्याच क्षणी चौदा दिशांनी एकच शब्द कानावर आदळला : ‘हाण!’ तुम्ही हाणला. चेंडू कुंपणावरून पलीकडच्या शेडच्या पत्र्यावर गेला, तिथं झोपलेलं कुत्रं उठलं, आणि चेंडू आणायला तुम्हालाच पाठवलं.

असं झालं असेल तर तुमचं शिक्षण सुरू झालेलं आहे. आता ‘हाण’ या शब्दाकडं बघू. व्याकरणात तो आज्ञार्थ. वाक्य म्हणून मात्र फार गरीब. काय हाणायचं ते कळतं, कारण चेंडू समोर आहे. कुठं, कुणाकडं, किती जोरात आणि कशासाठी, यातलं काहीच त्यात नाही. ‘हाण की’ म्हटल्यानं आग्रह वाढतो, ‘हाण की लेका’ म्हटल्यानं नातं वाढतं. माहिती होती तेवढीच राहते.

साहित्य

चेंडू एक, पाच नंबरचा. लहानांसाठी चार नंबरचा. बूट असले तर बरे. पाण्याची बाटली ज्याची त्यानं आणावी, कारण दुसऱ्याची बाटली संपवण्याचा निर्णय आपल्याकडं फार लवकर घेतला जातो. आणि मान एक, दोन्ही बाजूंना वळणारी. ती नसेल तर बाकीचं साहित्य घरीच ठेवा.

पहिला धडा : मान

थोडा हिशेब करू. सामना ९० मिनिटांचा. चेंडू बाहेर जाणं, फाऊल, थ्रो, कॉर्नर, सुटलेली नाडी आणि पंचांशी वाद यांत बराच वेळ जातो. मोठ्या स्पर्धांतसुद्धा चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटं. ती २२ जणांत वाटली की तुमच्या वाट्याला अडीच-पावणेतीन मिनिटं येतात. त्यातही बराच वेळ चेंडू हवेत किंवा कुणाच्याच पायाशी नसतो. म्हणजे सत्त्याऐंशी मिनिटं तुम्ही चेंडूशिवाय मैदानावर असता. या सत्त्याऐंशी मिनिटांत नवशिका काय करतो? चेंडूकडं बघतो. घरी टीव्हीसमोर बसून बघितला असता तर जास्त स्पष्ट दिसला असता.

बघायचं कसं हे शिकायला विट्याबाहेर जायची गरज नाही. कुठल्याही यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन अर्धा तास उभं राहा. एक कामगार एकाच वेळी चार-सहा माग सांभाळतो. तो एकाच मागाकडं टक लावून बसला तर मागच्या मागावर (शब्दांना माझा इलाज नाही) धागा तुटेल आणि कापडात तूट पडत जाईल. म्हणून तो सतत फिरता असतो. नजर समोर, मान दर काही क्षणांनी मागं, आणि कान सगळीकडं. खडखडाटाची लय जरा बदलली की कुठल्या मागाची कांडी संपत आली ते त्याला कळतं. कापडात दोष दिसेपर्यंत तो थांबत नाही. दोष दिसला म्हणजे उशीर झालेला असतो.

गेइर योर्डेट नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं हेच फुटबॉलमध्ये तपासलं. सगळे कॅमेरे चेंडूमागं धावत असताना यानं कॅमेरा खेळाडूंच्या मानेवर रोखला. चेंडू येण्याआधी जे जास्त वेळा मागं-बाजूला बघून घेतात त्यांचे पास जास्त वेळा नीट पोचतात, असं त्याला दिसलं. स्पेनचा शावी या बाबतीत आदर्श मानला जातो. चेंडू त्याच्याकडं निघालेला असतानाच तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघून घ्यायचा. धिप्पाड नव्हता, फार वेगवानही नव्हता. पण चेंडू पायाशी येईपर्यंत त्याचा निर्णय घेऊन झालेला असायचा.

आमच्याकडं सकाळी आठवीतली एक पोरगी येते. पहिल्याच दिवशी पास घेण्याआधी तिनं दोनदा मागं बघितलं. मी विचारलं, ‘कुणी शिकवलं गं?’ ती म्हणाली, ‘कुणी न्हाई. शेडात बघायलाच लागतंय की.’ त्या दिवसापासून मी मानेचा धडा स्वतः शिकवणं बंद केलं. तो ती शिकवते.

कृती सोपी आहे. चेंडू तुमच्याकडं यायच्या आत एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बघायचं. बघायच्या गोष्टी तीनच : अंगावर कोण येतंय, आपला कोण मोकळा आहे, रिकामी जागा कुठं आहे. कडेला कोण कोण उभं आहे ते बघायचं नाही. पहिले आठ दिवस तुम्ही मागं बघत असताना चेंडू दोन पायांमधून निघून जाईल आणि लोक हसतील. ती फी समजावी.

दुसरा धडा : एसटी स्टँड

गाडी स्टँडात शिरली की माणसांचे दोन प्रकार दिसतात. पहिला गाडीमागं पळतो. दुसरा जागचा हलत नाही, कारण ड्रायव्हर गाडी कुठं वळवणार आणि दार कुठं येणार हे त्याला ठाऊक असतं. गाडी थांबते तेव्हा दार त्याच्या नाकासमोर असतं. पहिला जास्त पळालेला असतो, जास्त घामाघूम झालेला असतो, आणि कऱ्हाडपर्यंत उभा जातो.

नवशिक्यांचा सामना म्हणजे पहिल्या प्रकारच्या वीस माणसांचा खेळ. चेंडू जिथं तिथं सगळे, मोहोळ उठल्यासारखे. यावर नियम एकच सांगतो : आपला एक माणूस चेंडूवर जात असेल तर तुम्ही तिकडं जायचं नाही. चेंडू तिथून सुटून कुठं येणार तिकडं जायचं. चांगलं कुटुंब बघा. एक जण खिडकीतून रुमाल टाकतो, दुसरा दारातून शिरतो, तिसरा बोचकी धरून खाली थांबतो. तिघंही एकाच खिडकीला लोंबकळत नाहीत. खिडकीतून टाकलेल्या रुमालावरून पुढं जी भांडणं होतात ती फुटबॉलच्या नियमांत बसत नाहीत, त्यामुळं तो भाग सोडून द्या.

तिसरा धडा : हा कोल्हापुरात घ्यायचा

विट्यात पत्ता विचारायचा तर आखाड्याचा विचारावा, लोक थेट नेऊन सोडतील. दोन वेळचा महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील इथून जवळच्या भाळवणीचा. फुटबॉलचं मैदान विचारलं तर क्रिकेटचं दाखवतात. म्हणून एकदा तरी कोल्हापूरला जाऊन छत्रपती शाहू स्टेडियमवर स्थानिक सामना बघावाच लागतो.

जाणं हाच निम्मा धडा आहे. कऱ्हाडवरून हायवेनं जायचं की तासगाव-सांगलीवरून? गाडीत चार माणसं असली की मतं पाच असतात. आमच्या एका खेपेला वाद इतका रंगला की गाडी पेट्रोल पंपावरच अर्धा तास उभी राहिली. शेवटी स्टिअरिंग ज्याच्या हातात होतं तो काही न बोलता निघाला. फुटबॉलचाही नियम हाच : चेंडू ज्याच्या पायाशी, निर्णय त्याचा. बाकीच्यांनी आज्ञा सोडायच्या नाहीत, माहिती द्यायची. ‘मागं माणूस हाय’, ‘वेळ हाय’, ‘डावीकडं मोकळा’ ही माहिती झाली. ‘तासगावला रस्त्याचं काम चाललंय’ हीसुद्धा माहितीच. ‘हाण’ ही माहिती नव्हे, हे आपण वर बघितलंच.

कोल्हापूरच्या संघांची नावं ऐकून बुचकळ्यात पडू नका. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. फुटबॉलच्या सामन्याला आलोय की कुस्तीच्या, असं वाटेल. पेठांच्या तालमींनीच तिथं फुटबॉल उचलला, आणि ज्या पाटीखाली पैलवान घुमायचे त्याच पाटीखाली फॉरवर्ड तयार झाले. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब हीसुद्धा तशीच जिवाभावाची नावं. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता. पेठेची ईर्षा तिथं इतकी असते की शेजारी बसलेल्याला तुम्ही कुठल्या संघाचे हे सांगण्यापूर्वी तो कुठल्या संघाचा हे ताडून घ्यावं. हाही निर्णयक्षमतेचाच अभ्यास.

आता खरं काम. सामना सुरू झाल्यावर दहा मिनिटं चेंडूकडं बघायचं नाही. एक हाफ निवडा, मधल्या फळीतला, आणि फक्त त्याच्याकडं बघा. चेंडू लांब असताना तो कुठं सरकतो, कुणाला हात करतो, कधी थांबतो. मध्येच स्टेडियम उसळेल, गोल झालेला असेल, शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारेल. मिठी घ्या, पण नजर हाफवरच ठेवा.

असं बघून काय मिळतं? सांगली जिल्ह्यात राहून बुद्धिबळाचा दाखला न देणं म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावाचा अपमान. त्यांनी सांगलीत आयुष्यभर पोरांना पटासमोर बसवलं. १९७३ साली चेस आणि सायमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, झाकला आणि मोहरी पुन्हा मांडायला सांगितली. मास्टरनं सोळाएक मोहरी बरोबर मांडली, नवशिक्यानं चारेक. मग मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली, तेव्हा मास्टरचा फायदा जवळजवळ संपला. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. त्यानं अशा मांडण्या हजारो वेळा पाहिल्या होत्या, त्यामुळं सुटी मोहरी न दिसता त्याला एकदम अख्खी मांडणी दिसत होती. मैदानावरही तसंच होतं. नवशिक्याला वीस माणसं दिसतात. मुरलेल्याला दिसतं ते एवढंच, की उजवा बॅक पुढं गेलाय आणि त्याच्या मागं दार उघडं आहे.

चौथा धडा : खडाखडी

बचाव करणाऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा धडा, आणि आपल्याकडं तो फुकट मिळतो. कुस्ती जोडली की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. आधी खडाखडी होते. मनगट धरायचं, मानेवर हात टाकायचा, रेटायचं, समोरच्याचा जोर आणि तोल अजमावायचा. अडाणी पैलवान सलामी झाली की थेट पटात घुसतो. समोरचा जाणता असेल तर तो एक पाय मागं घेतो, वरून वजन टाकतो आणि याच्या पाठीवर येतो. मग प्रेक्षकांना फक्त याची पाठ आणि त्यावरची माती दिसते.

आपल्याकडचा नवशिका बॅकसुद्धा असाच पटात घुसतो. फॉरवर्ड चेंडू घेऊन आला की हा दोन्ही पाय पुढं टाकून धूळ उडवतो. धूळ बसते तोवर फॉरवर्ड गोलीशी एकटाच बोलत असतो. करायचं ते असं : धावत जवळ जा, पण दीड-दोन हातांवर वेग कमी करा. अंग थोडं तिरकं, गुडघे वाकवलेले, नजर त्याच्या खांद्यांवर न ठेवता चेंडूवर, कारण खांदे खोटं बोलतात. त्याला कडेच्या रेषेकडं वळवा. कडेची रेषा हा तुमचा बारावा खेळाडू. ती कधी दमत नाही आणि तिला कुणी हुलकावणी देत नाही. तो चेंडू जरा लांब ढकलेल तेव्हा डाव टाका. तोवर तुमचे साथीदार मागं आलेले असतात. कडेचे लोक एव्हाना ‘घाल की पाय!’ असं ओरडत असतील. त्यांना ओरडू द्या. खडाखडी लांबली की आखाड्यातही लोक शिट्ट्या मारतातच.

पाचवा धडा : ऑफसाइड

हा नियम अवघड आहे असं म्हणणाऱ्यानं लग्नात कधी जेवलेलं नसावं.

पंगत बसलेली आहे. जागा मिळावी म्हणून तुम्ही एका जेवणाऱ्याच्या पाठीमागं उभे आहात. उभं राहणं गुन्हा नाही. तो उठण्याआधी त्याच्या ताटावर बसणं हा गुन्हा. ऑफसाइडही इतकाच आहे. साथीदार तुमच्याकडं चेंडू मारतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढं, आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पलीकडं असलात तर तुम्ही आधीच ताटावर बसलेले आहात. बरोबरीनं असलात तर चालतं. १९२५ पर्यंत पुढं दोनऐवजी तीन माणसं असावी लागत, म्हणजे पंगत फारच शिस्तीची होती. ती सैल केल्याबरोबर गोल भराभर होऊ लागले.

पण नियम कळणं निराळं आणि वेळ साधणं निराळं. जाणकार माणूस जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही, पानाकडं बघतो. भात संपत आला, ताक मागितलं, एक हात गुडघ्यावर टेकला की अंग सैल सोडून तयार राहायचं. चांगला फॉरवर्डसुद्धा पास देणाऱ्याच्या पायाकडं बघतो. त्यानं मान वर केली, चेंडू थोडा पुढं घेतला, पाय मागं गेला, की निघायचं. पाय मागं जाण्याआधी निघालात तर पंचांचा झेंडा. चेंडू सुटल्यावर निघालात तर दुसरं कुणीतरी बसलेलं असेल.

सहावा धडा : पाऊस

हा धडा पावसामुळं पुढं ढकलायचा होता, पण आपल्या भागात पावसाची वाट बघणं हाच एक धडा असल्यामुळं उरकून घेतो. आपलं मैदान कडक आणि कोरडं. चेंडू उंच उसळतो आणि जमिनीवर भरभर पळतो. म्हणून पास माणसाच्या पुढं न देता पायात द्या, आणि हवेतला चेंडू पहिल्या टप्प्याआधीच गाठा. चिखलात हेच पास अर्ध्या वाटेत थांबतात. तिथं जोर वाढवा. मैदानावर आल्या आल्या चेंडू दोन-चारदा टाकून बघावा. एवढं पुरे.

सातवा धडा : कस

हिंदुस्थानात कुठल्याही सराफ कट्ट्यावर जाऊन गलाईवाला विचारा, खानापूर-आटपाडीकडचा निघण्याची शक्यता मोठी. सोनं-चांदी गाळणारे हे लोक आलेला दागिना थेट मुशीत टाकत नाहीत. आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढतात, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडतात आणि राहिलेला रंग बघतात. भट्टीचं त्यानंतर.

सामन्याची पहिली दहा मिनिटं कसोटीच्या दगडासाठी राखून ठेवा. एक चेंडू त्यांच्या डाव्या बॅकच्या मागं, एक उजव्याच्या मागं, एक उंच गोलीकडं. कोण वळायला वेळ लावतो? कुणाचा एकच पाय चालतो? गोली उंच चेंडूला बाहेर येतो की खांबाला चिकटून राहतो? मध्यंतरात पाणी पिताना एकमेकांना हेच सांगा. ‘रेफ्री त्यांचाच हाय’ हे सांगण्यात मध्यंतर घालवू नका, जरी तो त्यांचाच असला तरी.

आठवा धडा : स्वच्छता

२०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकवस्तीच्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. अभिमानाची गोष्ट आहे. आमच्या बॅकलाईनला मात्र हा पुरस्कार आपल्यालाच मिळालाय असं वाटतं. चेंडू आपल्या भागात दिसला रे दिसला की ते तो कचरा असल्यासारखा गावाबाहेर टाकतात. गोलसमोर गर्दी झाली असेल, गोली पडला असेल, तर अवश्य टाका, त्यात काही कमीपणा नाही. पण आजूबाजूला पंधरा पावलं कुणी नसताना, साथीदार हात करत असताना टाकलेला चेंडू अर्ध्या मिनिटात परत येतो, आणि येताना माणसं घेऊन येतो.

दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत लागते. पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर देताना कुणी ती भिरकावून देत नाही. पुढचा माणूस बरोबरीनं पळायला लागतो, खांदा खाली घालतो, आणि मग भार जातो. पास म्हणजे एवढंच. तुम्ही दिलात यावर काम संपत नाही. त्याला घेता आला पाहिजे, पळता पळता.

नववा धडा : गोलीसाठी, आणि काही न करण्याविषयी

पेनल्टी. ११ मीटरवर चेंडू, ७.३२ मीटर रुंद गोल, मध्ये तुम्ही. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या. २८.७ टक्के फटके गोलच्या मधल्या भागात आले होते. गोली मात्र फक्त ६.३ टक्के वेळा मध्ये उभे राहिले होते. बाकीचे डावीकडं नाही तर उजवीकडं झेपावले. का? झेप घेऊन गोल झाला तर लोक म्हणतात, बिचाऱ्यानं उडी तरी मारली. उभं राहून झाला तर म्हणतात, खांब उभा केला होता काय. घरात पाहुणे आले की काम असो नसो, आपण उगाच उठून स्वयंपाकघरात डोकावतो, त्यातलाच प्रकार. या सवयीचा फायदा १९७६ च्या युरो अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्कानं घेतला. बेल्ग्रेडला शेवटच्या पेनल्टीला पश्चिम जर्मनीचा सेप मायर बाजूला झेपावला आणि पानेन्कानं चेंडू अलगद मधोमध सोडला. चषक गेला.

याचा अर्थ नेहमी उभं राहा असा नाही. कधी कधी उभं राहा, आणि शिव्या पडल्या तरी राहा.

दहावा धडा : गोल झाल्यावर

९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, १७ वर्षांखालील विश्वचषक, समोर कोलंबिया. भारत एका गोलनं मागं. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगनं डोकं लावलं. विश्वचषकातला भारताचा तो पहिलावहिला गोल. सगळं स्टेडियम उभं, आम्ही इथं टीव्हीसमोर उभे, कुणीतरी फटाके आणायला पळालं. ८३ व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसानं गोल केला. फटाके घेऊन माणूस परत आला तेव्हा आम्ही २-१ नं हरत होतो, आणि तसेच हरलो.

त्या पोरांना नावं ठेवायची माझी पात्रता नाही. आनंद झाला की माणसाची मान वळायची थांबते, एवढंच. म्हणून गोल केल्यावर मिठ्या मारा, पण मध्यरेषेकडं परतताना एकानं तरी मोजावं : आपली अकरा माणसं जागेवर आली का? आमच्याकडं हे मोजायचं काम सर्वांत आळशी खेळाडूला दिलंय. तो मिठ्या मारायलाही जात नाही, त्यामुळं मोजणी चोख होते.

अकरावा धडा : चुकल्यावर

आता माझी गोष्ट. शाळेच्या एका सामन्यात मी उजवीकडं चेंडू घेतला, मान वर केली, डावीकडचा साथीदार मोकळा दिसला आणि त्याला पायात पास दिला. त्याचा पाय घसरला, चेंडू समोरच्यांनी पळवला आणि गोल केला. ‘हाणायचा सोडून शाणपणा कशाला?’ असं मला सामना संपेपर्यंत आणि नंतर आठवडाभर ऐकावं लागलं. पुढच्या सामन्यात मी डोळे मिटून अर्ध्या मैदानातून हाणला. वारा आमच्या बाजूचा होता, त्यांचा गोली बुटाची नाडी बांधत होता. गोल. पोरांनी मला खांद्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत नेलं आणि गरम भजी खायला घातली. माझ्या फुटबॉलचं जे काही नुकसान झालं ते त्या भज्यांनी केलं. पुढची चार वर्षं मी हाणत राहिलो.

म्हणून एक वही करा. प्रत्येक सामन्यानंतर दोन रकाने भरा : डोकं आणि पाय. पास योग्य माणसाला दिला पण आखूड पडला, तर डोकं बरोबर, पाय चूक. पाय सरावानं सुधारतो. आंधळा फटका जाळ्यात गेला, तर डोकं चूक, पाय बरोबर. हा रकाना लाल शाईनं भरा, कारण त्या दिवशी घरी सगळे तुमचं कौतुक करत असतील.

गृहपाठ

बाजाराच्या दिवशी, गर्दी पुरेशी झाल्यावर, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. कुणालाही धक्का लागता कामा नये. थांबायचं नाही, ‘सरा, सरा’ म्हणायचं नाही. समोरची म्हातारी डावीकडं वाकणार की उजवीकडं, मागून ढकलगाडी येतेय का, दोन पाट्यांमधली फट आपण पोचेपर्यंत टिकेल का, हे चालता चालताच ठरवायचं. ओळखीचं कुणी भेटलं तर मान हलवून पुढं जायचं. नंतर रागावतील, त्याला इलाज नाही.

घरी पोचल्यावर आईला सांगा, वाटेत कोथिंबीर किती जणांकडं होती आणि कुणाचा भाव काय होता. तीन ठिकाणचं सांगता आलं तर उद्या सकाळी सहाला मैदानावर या. येताना हवा भरायचा पंप आणा, आमचा बिघडलाय.